यासीनभाईंची दक्षिण

आमच्याकडे चहाला आलेला माणूस आधी खुर्ची बघतो. यासीनभाई आधी दक्षिण बघत. दारातच खिशातून होकायंत्र काढायचे, काटा थरथरून थांबेपर्यंत उभे राहायचे आणि मग विचारायचे, "सर, तुमचा टीव्ही उत्तरेले तोंड करून बसला. काऊन?" त्यांच्या वऱ्हाडीत 'काऊन' म्हणजे 'का'. मी भूगोलाचा मास्तर. पण माझ्या घरातली दक्षिण मला त्यांनीच दाखवली.

अमरावतीत बडनेरा रोडला त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे ते उन्हावर चालणारे पंप बनवत. लोडशेडिंगची ती वर्षं. विहिरीत पाणी असलं तर वीज नाही, वीज आली तर पाणी नाही. असा पंप खरं तर हातोहात खपायला हवा होता, पण गाडं दक्षिणेवर अडलं. आपल्याकडे पॅनल दक्षिणेकडे तोंड करून लावावं लागतं, आणि दक्षिण म्हटलं की गिऱ्हाईक हात जोडून मागे सरे. "यमाची दिशा हाये जी, भाई."

"यमराज रेड्यावर येते," यासीनभाई तडकत. "त्याले पॅनल कायले लागते? मी नमाजले पश्चिमेकडं उभा राहतो, पन पंप दक्षिणेकडंच ठेवतो. सूरज ना तुमचं ऐकते, ना माहं."

भांडून भांडून शेवटी त्यांनी पॅनलच्या प्रत्येक चौकटीवर लाल बाणच रंगवायला सुरुवात केली. खाली ठसठशीत अक्षरांत 'दक्षिण'. बाण उलटा लावणाऱ्याशी ते बोलणं टाकत. भातकुलीच्या एका जुन्या दोस्ताच्या मुलीच्या लग्नाला ते याच कारणावरून गेले नाहीत.

गावात न खपलेला माल एक दिवस परदेशात खपला. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने बारा पंप आफ्रिकेत, झांबियाला पाठवायचं ठरवलं. तिथल्या एका खेड्यात बायकांनी मिळून भाजीचा मळा केला होता, त्यांच्यासाठी. यासीनभाईंनी पेढे वाटले. "सर, लोक फारेनचा माल घेते. आन आपला माल फारेनले चालला!" बाणाखालच्या शब्दाचं इंग्रजी करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत 'साउथ' लिहून दिलं.

पंप रवाना झाल्यावर तीनेक महिन्यांनी मी सातवीच्या वर्गात फळ्यावर पृथ्वी काढत होतो. विषुववृत्त काढलं, आफ्रिका काढली, झांबियावर टिंब दिलं आणि खडू हातातच राहिला. टिंब विषुववृत्ताच्या खाली होतं. तिथे बहुतेक वर्षभर सूर्य उत्तरेच्या बाजूने असतो. हे मी वीस वर्षं शिकवत होतो.

शाळा सुटताच स्कूटर थेट शेडवर. यासीनभाईंनी ऐकून घेतलं आणि ते स्टुलावर बसले.

"म्हंजे बाराच्या बारा पॅनल सूरजले पाठ करून बसले? पानी अर्धंबी नाई येनार, सर. त्या बायांची भाजी जळून जाईन. माह्या बाणानं."

मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. चूक माझी होती.

दोन दिवस ते धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याकडून तिकडचा नंबर मिळाला. शेडमध्येच यासीनभाईंना शेजारी बसवून मी फोन लावला. मळ्याचं काम बघणाऱ्या मेरीबाई बोलत होत्या. घाम पुसत मी इंग्रजीत चूक कबूल केली. बाई हसायलाच लागल्या.

"तो बाण होय! आम्हाला वाटलं, ती कंपनीची खूण असेल. पॅनल आम्ही सूर्याकडे बघून लावले. पाणी भरपूर येतंय."

मी हे मराठीत सांगितलं. यासीनभाईंनी "या अल्ला" म्हणून डोळे मिटले. माझाही जीव भांड्यात पडला. आता फोन ठेवणार, एवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"सर, इचारा ना. पानी गोड हाये काय?"

यासीनभाईंचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीकाठची ती जमीन काळीभोर, पण खालचं पाणी खारट. आपला पहिला पंप त्यांनी स्वतःच्या घरामागच्या बोअरवर बसवला होता. त्यांच्या बायकोला, शमीमभाभींना, गोड्या पाण्यासाठी दूर जावं लागे, ती पायपीट थांबावी म्हणून. पाणी धो धो आलं, आणि खारं आलं. नवऱ्याच्या पंपाचं पाणी म्हणून भाभी तेच पीत राहिल्या. आधी मूत्रपिंडं गेली, मग भाभी गेल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं.

मी विचारलं. मेरीबाईंना आधी प्रश्नच कळेना. मग म्हणाल्या, "गोड म्हणजे काय, मुलं नळाखाली ओंजळ धरून पितात."

ते ऐकून यासीनभाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, बाईंना आपली भाषा. "पियो बेटी," ते मोठ्याने म्हणाले. "पेटभर पियो." मग फोन मला परत देऊन ते शेडबाहेर जाऊन उभे राहिले.

ते काय म्हणाले, असं बाई विचारत होत्या.

"पोटभर प्या म्हणाले," मी सांगितलं. भाभींचं काही मला सांगता आलं नाही.