आवळीच्या बाबांचा पहिला शब्द

एका जंगलात, बाळांनो, सगळ्या प्राण्यांकडे मोबाइल होते. जंगलात मोबाइल कुठून आले, असं विचारू नका. तुमच्या घरात कुठून आले, ते तरी कुणाला आठवतंय?

त्या मोबाइलमध्ये एक चव्हाटा होता. ज्याला जे वाटेल ते त्यानं चव्हाट्यावर टाकावं. इतरांनी पाहावं आणि आवडलं तर खाली पंजा उमटवावा. वाघ रोज सकाळी आपल्या मिश्यांचा फोटो टाकायचा. हरणं न चुकता पंजे उमटवायची. हरणांना पंजे नसतात, तरी उमटवायची.

याच जंगलात आवळी नावाची शेकरू राहत होती. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी खार. आवळी चव्हाट्यावर फार लाडकी होती. तिनं घरटं विणलं, टाकलं. जांभूळ खाल्लं, टाकलं. नवऱ्याशी भांडली, तेवढं टाकलं नाही. पण समेट झाल्यावर दोघांचा गालाला गाल लावलेला फोटो टाकला. त्यासाठी एकदोन समेट दोनदा करावे लागले.

तिचे वडील हिरडोजी ओढ्यापलीकडच्या अंजनाच्या झाडावर एकटेच राहत. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. त्यामुळे ते आहेत हे जंगलात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आवळीचा धाकटा भाऊ बेहडू मात्र मोठा माणूस, म्हणजे मोठा शेकरू होता. तो जंगलाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि सदैव कामात असायचा.

एके दिवशी आवळी चव्हाटा चाळत बसली होती. टिटवीनं काहीतरी टाकलं होतं, त्यावर तिनं सवयीनं पंजा उमटवला आणि पुढे गेली. पुढे घुबडाचा वाढदिवस होता. तिथंही उमटवला.

मग तिला वाटलं, टिटवीच्या फोटोतली ती शेपटी ओळखीची होती.

ती मागे आली. टिटवीनं लिहिलं होतं, ‘आत्ताच डोळ्यांदेखत एक म्हातारा शेकरू उडी मारताना पडला. भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली पंजेच पंजे. त्यांत आवळीचाही.

आवळीनं ओढा कसा ओलांडला, ते तिलाच कळलं नाही.

हिरडोजी करवंदीच्या जाळीत अडकले होते. जिवंत होते. पण डावं अंग लुळं पडलं होतं, तोंड वाकडं झालं होतं, वाचा गेली होती. भोवती प्राण्यांचं कोंडाळं जमलं होतं आणि प्रत्येकाचा मोबाइल वर होता. हिरडोजी उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं त्या सगळ्यांकडे पाहत होते.

“अहो, कुणीतरी हात लावा!” आवळी ओरडली.

“ताई, जरा बाजूला व्हा,” कोल्हा अदबीनं म्हणाला, “उजेड अडतोय.”

आवळीनं काटे दातांनी तोडले आणि बाबांना एकटीनं ओढून काढलं.

त्या दिवसापासून ती अंजनावरच राहिली. फळ आधी आपण चावायचं, मग त्यांच्या तोंडात घालायचं. अंग पुसायचं, कूस बदलायची, घाण काढायची, लुळा पाय चोळायचा. तिचा मोबाइल एका फांदीला लटकत होता. तो कधी बंद पडला, तिला कळलंही नाही.

एका सकाळी ती पाय चोळत असताना बाबांच्या डाव्या पायाचं बोट हललं. थोडंसंच. तिची नजर आपोआप मोबाइलकडे गेली. पण दोन्ही हातांत बाबांचा पाय होता, आणि पाय सोडला तर बोट थांबेल अशी तिला भीती वाटली. ती तशीच बसून राहिली. बोट पुन्हा हललं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्याही आलं.

हे चव्हाट्यावर गेलं नाही. म्हणजे जंगलाच्या हिशेबी ते घडलंच नाही.

बेहडू एकदा येऊन गेला. आल्या आल्या त्यानं बाबांचा पंजा हातात घेतला, मान तिरकी केली आणि मोबाइल लांब धरला.

“ताई, तू जरा मागे हो. किती विस्कटलीयस!”

“बस ना थोडा वेळ. ओळखतात ते.”

“बसलो असतो गं. पण उजेड चालला.”

तो गेला. मग रोज तो त्या भेटीतला एकेक फोटो टाकू लागला. ‘पितृसेवा हीच ईश्वरसेवा.’ ‘आज बाबांनी डोळे उघडले.’ जंगल गहिवरलं. मगरीनं तर अश्रू ढाळले.

थोड्याच दिवसांत आत्या ओढ्याच्या अलीकडूनच हाका मारू लागली.

“आवळे, लोक काय काय बोलतायत! बाप आजारी आणि लेकीनं एक शब्द टाकला नाही म्हणे. माणसानं इतकं कोरडं असू नये.”

“आत्या, तू ये ना त्यांना बघायला.”

“अगं, बघते की रोज! बेहडूनं टाकलं की पहिला पंजा माझाच.”

पुढे जंगलानं बेहडूला ‘वनश्रावण’ पुरस्कार द्यायचं ठरवलं. मोठ्या उंबराखाली सोहळा होता. गवा अध्यक्ष होता.

“ताई, बाबांना घेऊन ये,” बेहडूनं निरोप धाडला. “मला पाहुण्यांच्या स्वागताला थांबावं लागेल.”

आवळीला जायचं नव्हतं. पण बाबांनी उंबराचं नाव ऐकून कान टवकारले. किती दिवसांत त्यांनी दुसरं झाड पाहिलं नव्हतं! तिनं त्यांना पाठीवर घेतलं आणि या फांदीवरून त्या फांदीवर, दम खात खात तिथं पोचवलं. बाबांना मंचावर बसवलं. तिला मंचामागे उभं केलं, कारण ती विस्कटलेली होती.

गव्यानं बेहडूच्या खांद्यावर पळसाच्या पानांची शाल घातली. मग तो हिरडोजींकडे वळून म्हणाला, “बाबा, अशा पुत्राबद्दल दोन शब्द बोला.”

हिरडोजींनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. ते कुणाला तरी शोधत होते. ओठ थरथरले. सगळे मोबाइल वर झाले.

“आ...व...ळे,” ते म्हणाले.

पडल्यापासूनचा त्यांचा हा पहिला शब्द. मंचामागे आवळीनं तोंडावर हात दाबला.

“आवळे!” बेहडू गर्जला. “बाबांना आवळे हवेत! आणा रे आवळे!”

पाटीभर आवळे आले. बेहडूनं त्यांतला टपोरा निवडून आपल्या हातानं बाबांच्या तोंडात कोंबला. बाबांनी तोंड वेडंवाकडं केलं. जंगलाला वाटलं, ते हसले. त्या व्हिडिओवर एवढे पंजे उमटले की त्या दिवशी वाघाच्या मिश्या कुणी पाहिल्या नाहीत.

गडबड ओसरल्यावर आवळी पुढे आली. बाबांच्या तोंडातला आवळा तिनं हळूच काढला, ओठ पुसले आणि त्यांना पाठीवर घेतलं.

अर्ध्या वाटेवर ती विसावायला थांबली.

“बाबा, मघाशी काय म्हणालात? पुन्हा म्हणा ना.”

हिरडोजी पुन्हा म्हणाले. या वेळी खायला काही आलं नाही.

तात्पर्य : आईबापांची सेवा दोन्ही हातांनी कधीही करू नये. एक हात मोबाइलसाठी मोकळा ठेवावा. आणि ज्यांना हे जमत नाही, त्यांनी निदान लेकीचं नाव फळावरून ठेवू नये.