कमलमावशींची फी

आमच्या शेजारच्या कमलमावशी पिझ्झा खायला निघण्याआधी घरी भरपेट भाकरी खातात. "कामावर उपाशीपोटी जाऊ नये," म्हणतात.

पिझ्झा हे त्यांचं काम आहे. एक कंपनी त्यांना गुपचूप गिऱ्हाईक म्हणून नांदेडच्या दुकानांत पाठवते. खायचं, टेबल पुसलेलं होतं का, पोरं नीट बोलली का ते बघायचं आणि मोबाइलवर कळवायचं. कंपनी बिलाचे पैसे परत देते. बस्स. मावशींना चीजचा वास सहन होत नाही, म्हणून खायला मी, शेजारचा शाळामास्तर, सोबत जातो. कामात मी कधी कसूर केलेली नाही.

कंपनीच्या पुण्याच्या साहेबांशी मात्र मावशींचं फोनवर सारखं वाजायचं.

"मावशी, फुकट खायला मिळतंय की!"

"फुकट कसं? मी काम करून राहिले. गवंड्यानं भिंत बांधली तर त्याला काय सिमेंटचे पैसे देऊन घरी पाठवता? बिल म्हणजे मजुरी न्हाई, साहेब!"

अखेर साहेब कंटाळले. लातूरच्या एका चपलांच्या दुकानाची तपासणी आली, आणि बिल, एसटीचं भाडं यांच्या वर चक्क फी! मावशींनी गल्लीभर सांगितलं. गुपित आता फक्त लातूरकरांपासूनच राहिलं होतं.

दुकानात शिरलो तर तिथली मुलगी स्टुलावर बसलेली. आम्हाला बघून दचकून उठली. पाय चांगलेच सुजले होते.

"सॉरी मावशी, सकाळपासून उभी हाय. बसलेलं दिसलं की पगार कापतेत."

"बस गं तू. चपला मी घेते काढून," मावशी म्हणाल्या आणि खरंच स्वतः खोकी उपसू लागल्या.

परतीच्या एसटीत त्यांनी अहवाल भरायला घेतला. पहिलाच प्रश्न: कर्मचारी उभे होते का? मावशींना खोटं लिहवेना आणि खरंही लिहवेना. त्यांनी अहवालच पुसून टाकला. अहवाल नाही म्हणजे फी नाही, भाडं नाही, चपलांचं बिलसुद्धा नाही.

मी कळवळलो. "अहो, किती भांडून मिळवली होती फी!"

"माझ्या मजुरीसाठी भांडले की. म्हणून तिची कापायला लावू का?"

अहमदपूर मागे पडलं तरी त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला, पण तो कसा सांगावा ते कळेना. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "साडीच्या दुकानात उभं राहून जिंदगी गेली, सर. एकदा बी कुणी बस म्हणलं न्हाई."