पानकाच्या बारची पन्हळ

"त्यात काय एवढं" असं मी म्हणालो, तिथून हे सगळं सुरू झालं.

माझी बायको वनजा शाळेतून रिटायर झाली आणि महिन्याभरात तिनं जाहीर केलं, की आपल्या गॅरेजात (गाडी नाही, स्कूटर आहे) ती पानकाचा बार काढणार. कवठाचं पानक, मसाला मज्जिगे म्हणजे ताक, नन्नारीच्या मुळ्यांचं सरबत. लोकांनी उंच स्टुलावर बसून प्यायचं. इथल्याच, म्हैसूरच्या बन्नीमंटपमधल्या शरतनं पांढऱ्या सॉलिड सरफेसचा, म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचा, गुळगुळीत कट्टा बसवून दिला. राहिली होती फक्त पन्हळ. बारमागं उभं राहून ग्लास भरतात, तिथं कट्ट्यात बोटभर खोल खाच असते. सांडलेलं तिच्यात राहतं, गिऱ्हाइकाच्या मांडीवर येत नाही. पण शरत बहिणीच्या लग्नाला सरगूरला गेला आणि उद्घाटन रविवारवर आलं.

"पुढं ढकलूया," वनजा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना आमंत्रणं गेली होती.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. (मी विमा कंपनीत क्लार्क. तेहतीस वर्षांत हातानं केलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे स्टेपलरमध्ये पिना भरणं.)

हार्डवेअरवाल्याकडून खाच पाडायचं राउटर मशीन भाड्यानं आणलं आणि शरतला फोन लावला. मागं वाजंत्री वाजत होती.

"सर, शीट बारा एमएमचं आहे, त्यात खोल खाच होत नाही," तो ओरडून सांगत होता. "आधी खालचा ट्रे बनवा…" ढोल. "…मग आरपार कापा."

मला "आरपार कापा" तेवढं स्वच्छ ऐकू आलं.

कापलं. तीन फूट लांब, चार इंच रुंद. मशीन थांबलं तेव्हा पांढरा धुरळा खाली बसला आणि कट्ट्यातून मला माझ्या चपला दिसल्या.

वनजा आली, वाकून बघितलं आणि विचारलं, "अहो, सांडलेलं यातून कुठं जाणार?"

"खाली ट्रे येणार आहे," मी म्हणालो. हे मला त्याच क्षणी सुचलं होतं.

मग मात्र मी इरेला पेटलो. दोन दिवस रजा टाकली. शरतनं ठेवलेल्या उरलेल्या पट्ट्या कापल्या, जोडल्या, मोडल्या, परत जोडल्या. शनिवारी दुपारी ट्रे तयार झाला. पांढरा गोंद कालवला, ट्रे खालून लावला आणि दोन्ही टोकांना शिकंजे आवळले. शिकंजे दोनच होते आणि ट्रे मधोमध लोंबायला लागला. गोंद धरायला पंचेचाळीस मिनिटं लागतात. मी कट्ट्याखाली मांडी घालून बसलो आणि हातांनी ट्रे वर दाबून धरला. हात भरून आले तेव्हा डोकं लावलं.

तेवढ्यात वनजा तिच्या वडिलांना घेऊन आली. फत्तेसिंगराव चौऱ्याऐंशी वर्षांचे, कारखान्यातले जुने फोरमन. अजून स्क्रू बघितला की तो नीट बसलाय का हे आधी बघतात.

"जावई कुठं आहेत?"

"मशीन परत द्यायला गेले असतील, अप्पा."

मी बोलणार होतो. पण मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) खुर्ची ओढली आणि म्हणाले, "सुम्ने, उगाच त्यांना कशाला हात लावायला दिलास? लग्नाच्या वेळीच मी म्हणालो होतो, मुलगा चांगला आहे, पण हाताला गुण नाही."

आता बाहेर येणं दोघांनाही अवघड झालं असतं. (शिवाय सत्तावीस मिनिटंच झाली होती.)

वनजा म्हणाली, "नसेल गुण. पण तेहतीस वर्षांत त्यांनी एक काम अर्धं टाकलेलं मला दाखवा. बिघडवतात, अप्पा. सोडत नाहीत."

कट्ट्याखाली मी ट्रे डोक्यानं आणखी घट्ट दाबून धरला.

मामा उठले आणि वरून बोटानं ट्रे दाबून बघायला लागले. ट्रे खाली जायला लागला. मी डोक्यानं वर रेटला. त्यांनी जरा जोर लावला. मीही लावला.

"वनजा," ते हळूच म्हणाले, "हे खालून ढकलतंय."

"मी आहे, मामा."

"तिथं काय करता?"

"धरून बसलोय. अजून सतरा मिनिटं."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण मामांनी मनगटावरचं घड्याळ काढून कट्ट्यावर ठेवलं, खुर्ची जवळ घेतली आणि मिनिटं मोजायला लागले. मध्ये एकदाच म्हणाले, "मान वाकडी करू नका, जोड वाकडा येईल." शेवटी त्यांचा आवाज आला, "आयितु, झालं. सोडा आता."

मी सोडलं, पण ट्रेनं मला सोडलं नाही. केसांचा एक झुपका गोंदात राहिला होता. वनजानं कात्रीनं मला मोकळं केलं. संध्याकाळभर मामांनी आणि मी मिळून सांधे पॉलिश पेपरनं घासले. बोट फिरवलं तरी जोड लागेना.

रविवारी मी म्हैसूर पेटा, म्हणजे जरीचा फेटा, घालून उभा राहिलो. (टक्कल झाकायला. लोकांना वाटलं, पाहुण्यांचा मान.) वनजाच्या जुन्या मुख्याध्यापिका भागीरथीबाई आल्या. वनजानं पहिला ग्लास काठोकाठ भरला, पानक सांडलं आणि पन्हळीत उतरलं. खाली थेंबही आला नाही. मामांनी वाकून खालून हात फिरवला, कोरडा हात सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "काम चोख आहे." मी आयुष्यात इतका ताठ कधी उभा राहिलो नव्हतो.

तासाभरात पन्हळ भरत आली. कवठ, ताक, नन्नारी, सगळं एकत्र. भागीरथीबाई चष्मा सावरून बघत म्हणाल्या, "सुंदर आहे. आणि हे बाहेर कुठून जातं?"

मी मामांकडं बघितलं. मामांनी छताकडं बघितलं. भोक आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

आता दर रविवारी मी बारवर असतो. गिऱ्हाइकं विचारतात, मालक तुम्हीच का. वनजा सांगते, "नाही, ते स्पंज बघतात."