फोर्कमधल्या हवेची चोरी

उद्धवराव स्वतःची ओळख करून देतात ती अशी: "अकोला, अमरावती आणि मधल्या सगळ्या स्टेशनांवरचा एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर." गुप्त ते इतके आहेत की तीन वर्षांत एकाही अशिलाला त्यांचा पत्ता लागलेला नाही. सनद वकिलीची, मेंदू त्यांच्याच मते जागतिक दर्जाचा, आणि भिंग माझ्या आईचं, पोथी वाचायचं. मी सहदेव, त्यांचा टायपिस्ट. अकोल्याच्या कोर्टाबाहेर आमचं टेबल आहे. गुन्हे ते सोडवतात आणि नंतरची माफीपत्रं मी टाइप करतो.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी बार्शीटाकळीची देवश्री टेबलाशी आली. तिची आई माणिकबाई शेतातली भाजी बाजारात विकते आणि ही पोरगी डोंगरातल्या सायकल शर्यतीत उतरते. राज्याच्या संघासाठी निवड रविवारी होती, अमरावतीजवळच्या टेकड्यांवर. पहिल्या तिघी जाणार होत्या. सायकल मात्र क्लबची होती, प्रशिक्षक सीमा मॅडमनी वापरायला दिलेली. त्या सायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दोन नळ्यांत, स्प्रिंगऐवजी हवा असते आणि खड्ड्यांचे धक्के ती हवा खाते. हवा भरायला काटा असलेला छोटा पंप मिळतो. देवश्रीच्या वजनाला ऐंशी पौंडांचा दाब लागे. ती रोज सकाळी ऐंशी भरायची आणि संध्याकाळी पंप लावून पाहिलं की काटा बहात्तरवर.

"मॅडमले सांगतलं तं त्या फोर्क खराब मनतीन अन् सायकल दुसऱ्या पोरीले देतीन," ती म्हणाली. "मंग माही निवड गेली."

तिचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं. उद्धवरावांना आनंद झाला, कारण हवेची चोरी त्यांनी आजवर हाताळली नव्हती.

बुधवारी सकाळी दहाला आम्ही तिच्या अंगणात हजर झालो. उद्धवरावांचा पहिला हुकूम असा की फोर्कमधली हवा हा मुद्देमाल आहे, सबब आता कोणी ती भरायची नाही. दुसरा हुकूम असा की दर अर्ध्या तासाला पंप लावून आकडा पाहायचा. आकडे मी लिहायचे होते. बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न. चोर आपल्या डोळ्यांदेखत काम करतो आहे, असं उद्धवराव म्हणाले. त्यांच्या आवाजात चोराबद्दल आदर होता.

पहिला संशय शेजारच्या शेखरवर गेला. त्याच्या मोटारसायकलची दोन्ही चाकं टणक होती. ही हवा कुठून आणली, असं विचारल्यावर तो म्हणाला, पेट्रोलपंपावरून. उत्तर संशयास्पद तत्परतेने दिलं गेलं, अशी नोंद मला करावी लागली. मग उन्हाचा सिद्धांत आला: अकोल्याच्या उन्हाने विहिरी आटतात तशी हवाही आटत असणार. त्या वेळी माणिकबाई स्वेटर घालून बसल्या होत्या, पण सिद्धांताला थंडी वाजत नाही. तिसरी संशयित बकरी. ती फोर्ककडे अपराधी नजरेने पाहते, असं उद्धवरावांचं निरीक्षण होतं. तिची उलटतपासणी वीस मिनिटं चालली आणि तिने सगळा वेळ मौन पाळलं, हे वकिलाला पुरेसं होतं.

शेवटी त्यांनी व्हॉल्व्हच्या टोपणावर हळद भुरभुरवली आणि भिंग लावलं. एक ठसा मिळाला. तो उद्धवरावांच्याच अंगठ्याचा होता. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सहदेव, चोर असामान्य आहे. त्याने माझा अंगठा वापरला."

दुपारी तीनला काटा पंचवीसवर आला. देवश्री सायकलवर बसून पाहायला गेली, तर पुढचा भाग खचकन खाली बसला. ती उतरली. संध्याकाळी मॅडमना फोन करून सायकल परत घ्या म्हणते, असं ती जमिनीकडे बघत म्हणाली.

माणिकबाई सकाळपासून कोपऱ्यात वाटाण्याच्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"वकीलसायेब, बाजारात गिऱ्हाईक येते. एक शेंग फोडून पायते, गोड हाय मनते, अन् चाल्लं जाते. असे शंभर आले की माही टोपली अर्धी होते. चोर कोणीच नसते, सारे पायनारेच असतेत."

"याचा आमच्या तपासाशी संबंध?"

"तुमी पंप लावता तं त्याची नळी कायनं भरते? आतल्याच हवेनं ना? अन् काढता तवा फुस्स करून ते भायेर जाते. सकायपासून आयकून राहिली मी. किती डाव पायलं?"

मी कागदावरचे आकडे मोजले. अकरा वेळा. देवश्री रोज पाहायची तेव्हा थोडी हवा जायची. आम्ही अकोल्याहून येऊन ती घाऊक काढली होती.

देवश्रीने पुन्हा ऐंशी भरले. माणिकबाईंनी पंप तिच्या हातून घेतला आणि वाटाण्याच्या पोत्यात खुपसला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार पोरगी बांधांवरून सायकल पिटाळत राहिली. फोर्क तसूभरही बसला नाही.

रविवारी आम्ही भाजीच्या टेम्पोतून अमरावतीला गेलो. शर्यतीआधी उद्धवरावांनी, केवळ शास्त्रासाठी, फक्त एकदा पंप मागितला. माणिकबाई उठल्या आणि टेम्पोतल्या त्या वाटाण्याच्या पोत्यावर जाऊन बसल्या.

देवश्री दुसरी आली. सीमा मॅडमनी तिला जवळ घेतलं आणि वहीत लिहायला विचारलं की आज फोर्कमध्ये प्रेशर किती ठेवलं होतं.

"मालूम नाई, मॅडम," देवश्री म्हणाली. "चार दिवसांपासून कोनी पायलंच नाई."