मुद्दाम चुकलेले नेम

शंतनू आणि रुचाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, साठ माणसं जेवून उठली, आणि मग कोणीतरी तळघरातल्या टेबलावरच्या चादरीचं टोक उचललं. खाली पूलचं, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाचं टेबल होतं. आधीच्या मालकाने हलवायचा खर्च ऐकून ते घरासोबतच सोडून दिलं होतं, आणि सकाळपासून त्यावर प्रसादाच्या शिऱ्याचे ट्रे मांडलेले होते.

टेबल पाहताच डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या मराठी मंडळींना एकच माणूस आठवला. तो जिन्याजवळच्या खुर्चीत मठ्ठा पीत बसला होता. चंद्रशेखरकाका, वय सत्त्याहत्तर, मोटारीच्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर.

काकांचे सगळे किस्से १९७४ सालातले. त्या काळी गावोगाव फिरून पैशांवर पूल खेळणारी एक जमात होती. अनोळखी गावात शिरायचं, बावळटासारखं खेळून पहिले दोन डाव हरायचे, समोरच्याने चेकाळून पैज वाढवली की खरा हात दाखवायचा आणि कोणाच्या काही लक्षात यायच्या आत पुढचं गाव गाठायचं. डेट्रॉइटला एम.एस. करताना सुट्टीत आपण हेच करत होतो, असं काका सांगत. टोलीडो, डेटन, लेक्सिंग्टन. लेक्सिंग्टनला तर त्यांनी एक घोडा जिंकला होता. तो परत दिला, कारण गाडीत मावेना.

खरं काय ते फक्त सुलभाकाकूंना ठाऊक होतं. खेळायचा तो रस्टी नावाचा वर्गमित्र. त्याचं लायसन्स जप्त झालेलं, म्हणून गाडी काका चालवत, आणि तो खेळत असताना कोपऱ्यात चिप्स खात थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवत. पहिली दहा वर्षं किश्श्यात रस्टी खेळत होता. पुढे दोघे मिळून खेळू लागले. रस्टी वारल्याचं कळलं त्या वर्षापासून काका एकटेच खेळत होते. चारचौघांत नवऱ्याला खोडून काढायचं नाही ही काकूंची जुनी शिस्त. शिवाय त्यांना एक गोष्ट दिसत होती. निवृत्तीनंतर ह्या माणसाला कोणी दुसरं काही विचारतच नव्हतं. मुलगा फोनवर गुडघ्याची चौकशी करायचा आणि मंडळातली पोरं पूलची. पूल गेला की उरला नुसता गुडघा.

"काका, आज काही तुम्हाला सोडत नाही," शंतनू म्हणाला. "एक गेम तरी दाखवाच."

"अरे, मी टेबलाला हात लावून पन्नास वर्षं झाली. आणि समोर तोलामोलाचा कोणी नको का? तुमच्यासारख्या पोरांशी खेळून मी काय करू?"

ही सबब गेली चाळीस वर्षं काकांच्या कामी आली होती.

"तोलामोलाचा आहे ना," रुचा म्हणाली. "ते वॉल्टर, आमचे नेबर. टेबलाचं कळल्यावर मला म्हणाले, सत्तरच्या दशकात मीही असाच पूलसाठी रोडवर होतो. मी मुद्दाम सांगितलं नाही काका, सरप्राइज."

वॉल्टर ऐंशीचा होता, उंच, किंचित वाकलेला. वरच्या मजल्यावर तो तिसरी जिलबी खात होता. त्याला खाली आणलं. काकांनी उभं राहून हात मिळवला, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना मठ्ठा आंबट लागला.

"त्या दिवसांतलं काहीतरी सांगा ना," शंतनूने वॉल्टरला इंग्रजीत गळ घातली.

वॉल्टरने बोटांवरचा पाक पुसला. मग म्हणाला, "गाडी कायम रस्त्याकडे तोंड करून लावायची. आणि चौऱ्याहत्तर साली रविवारी पेट्रोल मिळत नसे, म्हणून शनिवारीच टाकी भरून ठेवायची." एवढं बोलून तो थांबला. मंडळींना वाटलं, केवढा खोल माणूस. काकांना काहीच वाटलं नाही. शिऱ्याचे ट्रे हलवायला अजून किती वेळ लागेल, ह्याचा ते अंदाज घेत होते.

ट्रे हलले. तळघर गच्च भरलं. जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसली. ठरलं असं की एकच डाव, रेघांचे बॉल वॉल्टरचे, बिनरेघांचे काकांचे, आणि सगळे संपल्यावर जो काळा बॉल भोकात घालील तो जिंकला. काका घाबरले होते. आजवरची सगळी अब्रू त्या हिरव्या कापडावर होती, आणि क्यू, म्हणजे ती खेळायची काठी, नेमका कुठे धरायचा हेसुद्धा त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी क्यूच्या टोकाला खडू लावला. खडू लावणं त्यांना सुरेख जमायचं, कारण रस्टीला लावताना शेकडो वेळा पाहिलं होतं. मग वाकून नेम धरला आणि मारला. क्यू पांढऱ्या बॉलला चाटून गेला, बॉल वीतभर सरकला आणि थांबला.

संपलं, असं काकांना वाटलं.

"बघितलंस?" शंतनू शेजारच्याच्या कानात म्हणाला. "मुद्दाम. सुरुवातीला कच्चं खेळायचं, काका नेहमी सांगतात."

कुजबुज पार जिन्यापर्यंत गेली. आता वॉल्टरची पाळी. त्याने बराच वेळ टेबलाभोवती फेऱ्या मारल्या, वाकला, मारला, आणि पांढरा बॉल टेबलावरून उडून रुचाच्या पैठणीवर आदळला.

"बाप रे," शंतनू हळूच म्हणाला. "हाही तसलाच आहे यार."

पुढची चाळीस मिनिटं तिथे जे झालं त्याला खेळ म्हणणं कठीण आहे. काकांनी वॉल्टरचे बॉल घातले, वॉल्टरने काकांचे. मंडळींनी प्रत्येक चूक श्वास रोखून पाहिली. एकाने तर काकांच्या एका फसलेल्या फटक्याचा व्हिडिओ काढून अल्फारेटाला राहणाऱ्या भावाला पाठवला, 'सायकॉलॉजी बघ' असं लिहून. काका जितके चुकत होते तितका त्यांचा मान वाढत होता, आणि हे कसं थांबवावं ते त्यांना कळत नव्हतं.

"काका, आर यू लूझिंग ऑन पर्पज?" शंतनूच्या दहा वर्षांच्या मुलीने, अनयाने विचारलं.

"नाही गं बाळ, मला खरंच येत नाही," काका म्हणाले. एवढ्या वर्षांत पूलबद्दल ते पहिल्यांदाच खरं बोलले होते. तळघर हसून हसून लोटपोट झालं. सुलभाकाकू तेवढ्या हसल्या नाहीत.

शेवटी टेबलावर काळा बॉल उरला. पाळी काकांची होती. आता चुकायचंही बळ त्यांच्यात नव्हतं. डोळे मिटून त्यांनी फटका मारला. पांढरा बॉल दोन कडांवर आपटून काळ्याला लागला, काळा रमतगमत कोपऱ्याकडे गेला, काठावर जरा थबकला आणि आत पडला.

मग जो गोंगाट झाला त्यात कोणीतरी काकांच्या पाया पडलं. काकांनी आशीर्वाद दिला. त्यांना फार बरं वाटत होतं, लग्नातसुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

सगळे फोटो काढण्यात गुंतले तेव्हा वॉल्टर जवळ आला. काकांचा हात दोन्ही हातांत धरून तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला म्हणून सांगतो. मी कधीच खेळलो नाही. मी फक्त गाडी चालवायचो. खेळायचा तो माझा भाऊ. बायकोलासुद्धा हे सांगितलं नाही मी. आणि तुम्ही? तुम्ही खरंच खेळायचात?"

पन्नास वर्षांत काकांना हे असं कोणी विचारलं नव्हतं, आणि हे ऐकून घेण्याची खरी लायकी असलेला माणूस पुन्हा भेटणारही नव्हता. सांगावं, असं काकांच्या अगदी जिभेवर आलं. तेवढ्यात पायऱ्यांवरून शंतनू ओरडला, "काका, इकडे बघा, चॅम्पियन."

"खेळायचो," काका म्हणाले.

"वाटलंच मला," वॉल्टर म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. "मग मला शिकवाल? माझं वय आता ऐंशी. मरायच्या आधी एकदा तरी खरं खेळायचंय. टेबल इथेच आहे, रुचा नाही म्हणणार नाही. गुरुवारी?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. हा माणूस खरं बोलला होता, आणि आपण त्याच्या तोंडावर थाप मारली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली. पण नाही म्हणायला आता तोंडच उरलं नव्हतं.

"या," ते म्हणाले. "गुरुवारी. दहा वाजता."

परतीच्या वाटेवर गाडी काकू चालवत होत्या. बिग बीव्हर रोड लागला.

"सुलभा," मग ते म्हणाले, "पूल शिकवायचे व्हिडिओ असतात ना, ते आपल्या टीव्हीवर मोठे करून बघता येतात का गं?"

काकूंनी इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.

"येतात," त्या म्हणाल्या. "आज रविवार. बुधवारपर्यंत होतील तेवढे बघा."