गणपतभाऊंच्या गाडीचं आभाय

गणपतभाऊंच्या गाडीत आधी झोपावं लागे, बसायचं नंतर. नवा माणूस दिसला की ते मागचं दार उघडत आणि म्हणत, "बसून काय दिसते बाप्पा? पडा ना!" मग त्या माणसाने पागोटं, टोपी, जे असेल ते काढायचं, पाय दाराबाहेर सोडून मागच्या सीटवर उताणं पडायचं आणि छताकडे बघायचं. भाऊ खिडकीतून डोकं आत घालून विचारत, "कसं हाये आभाय?"

आभाय म्हणजे आभाळ. आणि भाऊंचं आभाळ म्हणजे गाडीच्या छताला आतून ताणून लावलेलं कापडाचं अस्तर.

दर्यापूरचे तहसीलदार एकदा दौऱ्यावर आले होते. भाऊंनी त्यांनाही झोपवलं. साहेब घाईने उठून "ठीक आहे" म्हणाले. "ठीक म्हंजे? डोये उघडे होते का तुमचे?" साहेब निमूट पुन्हा आडवे झाले. भरबाजारात सरकारचे बूट दाराबाहेर लोंबत होते आणि भाजीवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मी तेव्हा अंजनगावला शाळामास्तर होतो. भाऊंच्या घराला लागून दोन खोल्या घेऊन मी आणि माझी बायको कमल राहत होतो. भाऊंचा पानमळा होता, थोडी भाजीची वाडी होती आणि बायको भागी वारल्यापासून घरात ते एकटे होते. गाडी जुनी, काळी, वरून बंद. विलायतेला परत जाणाऱ्या कुठल्याशा साहेबाकडून घेतलेली. तिचं इंजिन दम्यासारखं खोकायचं आणि एक दार सुतळीने बांधलेलं असायचं. त्याचं भाऊंना काही नव्हतं. अस्तर मात्र ते सारखं बदलत.

आधी निळं लावलं. "पावसाळी दिसते. जीव घाबरते." काढलं. मग फुलाफुलाचं छीट. "गाडी हालली का फुलं नाचतेत. मयमय होते." तेही काढलं. उतरवलेलं कापड वाया जात नसे. भाऊ त्याच्या बंड्या शिवून घेत. पन्नाशीचा, गलमिशांचा हा माणूस गुलाबी फुलांची बंडी घालून बाजारात पानांचे करंडे उतरवताना मी पाहिला आहे.

शेवटी त्यांनी पांढरी मलमल आणली. लढाईचे दिवस होते, कापड कार्डावर मिळायचं आणि तेही मिळालं तर. एक बाई भररस्त्यात त्यांना म्हणाली, "आमच्या अंगावर नाई, अन् ह्याच्या गाडीले मलमल!"

"तुही गोष्ट खरी हाये, माय," भाऊ म्हणाले आणि मलमल काखेत मारून घरी आले.

ती लावताना कापड धरायला मी होतो. जुनं अस्तर नव्यावर पसरून त्यांनी बेतलं, आडव्या सळ्या ओवायला नेफे शिवले, मधली सळी आधी बसवली आणि मग कडेकडेने ताणत लाकडी पट्टीवर चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत निघाले. चुका तोंडात होत्या, तरी बोलणं चालूच. मी सहज विचारलं, "भाऊ, छतासाठी एवढं कशाला?"

त्यांनी तोंडातल्या चुका काढून हातावर घेतल्या.

"भागीले अमरावतीले नेत होतो, दवाखान्यात. पोट दुखे तिचं. घरात दुसरं कोनी नोतं. थे माघं पडेल होती, मी पुढं गाडी चालवून राहिलो. दर्यापूरपर्यंत बोलत होती. मंग चूप झाली. मले वाटलं, झोपली. दवाखान्यात दार उघडलं, तं वरचं कुजकं कापड सुटून तिच्या तोंडावर पडेल होतं. पायापर्यंत."

मी हातातलं कापड तसंच ताणून धरलं होतं.

"डाक्तर म्हने, दुखन्यानं गेली, कापडाचा दोष नाई. असन. पन तिनं मले हाक मारली असन तं?"

चुका पुन्हा तोंडात गेल्या आणि ठोकाठोकी सुरू झाली.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर कमल बाळंतपणात अडली. सुइणीने हात टेकले. भाऊंनी कुपनावरचं जपून ठेवलेलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि मला मागे बसवलं. "तिचं डोकं मांडीवर घ्या." रस्ताभर पुढून त्यांचा आवाज येत होता. "बाई, बोला."

"काय बोलू, भाऊ?"

"शिव्या द्या मले. पन बोला."

कमलने कधी मोलकरणीलाही अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी तिने भाऊंना, त्यांच्या गाडीला आणि वऱ्हाडातल्या सगळ्या रस्त्यांना शिव्या दिल्या. भाऊ प्रत्येक शिवीला "हो, बाई" म्हणत होते.

कमल वाचली. मुलगा मेलेलाच जन्मला.

अमरावतीच्या दवाखान्यातल्या दाईने तो माझ्या हातात दिला तेव्हा त्याच्याभोवती जुनं वर्तमानपत्र होतं. मी त्याला भाऊंच्या हाती देऊन कापडासाठी धावलो. माझं कार्ड अंजनगावला राहिलं होतं. दुकानदारांनी माना हलवल्या. परत आलो तर मूल पुढच्या सीटवर भाऊंच्या घडी केलेल्या पागोट्यावर ठेवलेलं, आणि भाऊ मागे उताणे पडून पकडीने एकेक चूक उपटत होते. सगळी मलमल खाली आली. त्यांनी ती झटकली, चौपदरी केली आणि माझ्या मुलाला तीत नीट गुंडाळलं. गावाबाहेर नाल्याच्या काठी खड्डाही त्यांनीच खणला. मला कुदळ धरवली नाही.

दवाखान्यातून कमलला घरी सोडलं त्या दिवशी ती मागच्या सीटवर पडून होती. तिच्याकडे बघण्याचा मला धीर नव्हता, म्हणून मी पुढे बसलो. वर उघड्या सळ्या होत्या आणि गंजलेला पत्रा.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "भाऊ, कापड कुठं गेलं?"

भाऊंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "लेकराले दिलं, बाई."

भाऊ मागे कान लावून गाडी चालवत होते. वलगाव मागे पडलं. भाऊंनी गाडी बाभळीखाली थांबवली, उतरले आणि वळसा घालून माझ्या बाजूला येऊन दार उघडलं.

"मास्तर, माघं जा."

"झोपलीय ती, भाऊ."

"झोपली नाई. चूप हाये."

मी मागे गेलो. कमलचे डोळे उघडे होते. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा तिने माझं धोतर दोन्ही मुठींत धरलं आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली. भाऊ बाहेर पाठ करून उभे होते. तिचं रडणं पूर्ण होईपर्यंत त्यांनी गाडी सुरू केली नाही.