बोटीवरचा चढता आहेर

आमचे साडू व्यंकटराव यांच्या लातूरच्या घरातून आजवर कुणीही उघड्या डोक्यानं बाहेर पडलेलं नाही. गॅसची टाकी आणणारा, विजेचं मीटर बघणारा, शेजारच्यांचा पत्ता विचारायला चुकून यांची कडी वाजवणारा, सगळे पांढरी टोपी घालूनच पायऱ्या उतरतात. खांद्यावर कोरा सोलापुरी टॉवेल, कपाळावर कुंकू, हातात नारळ आणि चेहऱ्यावर आपण नेमकं काय केलं हे न कळल्याचा भाव.

"मोकळ्या डोस्क्यानं गेलेलं बरं दिसत न्हाई," एवढंच व्यंकटरावांचं स्पष्टीकरण.

एकदा त्यांची दाढ काढली. तोंडात कापसाचा बोळा, बोलता येईना. खुर्चीतून उठताच त्यांनी पिशवीत हात घातला. डॉक्टरांना वाटलं, जुने रिपोर्ट काढताहेत. निघाली टोपी. बाहेर बसलेल्या पेशंटांनी डॉक्टरांना टोपीत पाहिलं आणि डॉक्टर निवडणुकीला उभे राहणार ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

ही खोड जुनी. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा व्यंकटराव कचेरीत कारकून होते. समारंभात मोठ्या लोकांच्या गळ्यात हार मावेनात. हे मात्र टॉवेल-टोपी घेऊन मांडवाच्या मागे गेले आणि सकाळपासून खुर्च्या वाहणाऱ्या शिपायाला तिथंच आहेर केला. साहेबांनी झाडलं. यांचा जबाब तयार होता, "खुर्च्या तर त्यानंच आनल्या की वो साहेब. खुर्चीबिगर जिल्हा बसला असता कुठं?"

मी नांदेडचा, निवृत्त मास्तर. आहेराच्या बाबतीत मी व्यवहारी माणूस आहे. मुदखेडच्या लग्नात मिळालेला टॉवेल मी उमरीच्या वास्तुशांतीला खपवतो. बिलोलीला दिलेला एक टॉवेल फिरत फिरत पुन्हा माझ्याच गळ्यात पडला होता. कोपऱ्यावरचा चहाचा डाग मी ओळखला. त्यानंही मला ओळखलं असावं. व्यंकटराव मात्र दर वेळी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन नवं कोरं आणणार. अशा माणसाबरोबर प्रवास करू नये. मी केला, आणि तोही समुद्रात.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या दुष्काळाच्या सालची ही गोष्ट. पुण्याच्या लेकीनं मला निवृत्तीची भेट म्हणून मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या बोटीची तिकिटं काढली. आमची ही, सुमन, म्हणाली, "दाजींनाही घेऊ. अक्का गेल्यापासून कुठं गेले नाहीत." अक्का म्हणजे हिची थोरली बहीण, व्यंकटरावांची बायको. मी हो म्हणालो. बायकोच्या माहेरच्या माणसाला नाही म्हणायला वेगळं काळीज लागतं.

बंदरावर व्यंकटराव एक पिशवी, एक मोठी ट्रंक आणि एक प्लॅस्टिकचा कॅन घेऊन हजर. पिशवीत त्यांचे कपडे होते. ट्रंकेत काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. कॅनवर तपासणीचा जवान अडला.

"इसमें क्या है, चाचा?"

"पानी."

"समुंदर में पानी लेके जा रहे?"

"समुंदर का पीते नहीं ना."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या गल्लीत टँकर आला होता. शेजाऱ्यांना वाटून कॅनभर उरलं. ते बंद घरात ठेवून यायला यांचं मन होईना. जवानाचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी त्याच्यासमोर घोटभर पिऊन दाखवलं आणि लगेच त्याला टोपी घातली. कॅन आत गेला. मागच्या रांगेतले लोक आपल्यालाही टोपी घ्यावी लागते का, असं मला विचारू लागले.

बोटीवर आम्हाला शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या. दोन्ही खोल्या आवरायला एकच माणूस, बिष्णू. नेपाळचा, चाळिशीचा, हसरा. पहिल्या संध्याकाळी जेवून आलो तर आमच्या पलंगावर टॉवेलचा घडी घालून केलेला हत्ती बसलेला. सुमननं फोटो काढला. तेवढ्यात दार वाजलं. दारात व्यंकटराव, आवाज एकदम खाली आलेला.

"मास्तर, जरा या. आहेर आलाय."

त्यांच्या पलंगाच्या मधोमध पांढऱ्या टॉवेलचा हंस होता. मान वाकवलेली, चोच चादरीकडे. व्यंकटराव त्याच्यापासून चार हात लांब उभे.

मी मोबाईलवर सगळं वाचून गेलो होतो. म्हणालो, "अहो, ही बोटीची पद्धत आहे. सगळ्यांच्या खोलीत करतात. शेवटी लोक टिप देतात."

"तुमच्याकडं काय हाय?"

"हत्ती."

"मंग? तुम्हाला हत्ती, मला हंस. माणूस बगून केलंय त्यानं."

"अहो, टॉवेल अंग पुसायला असतो."

"आहेरानं कुनी अंग पुसतं का, मास्तर? पहिला आहेर त्यानं केला. आता आपल्याला चढता करावा लागंल."

चढता आहेर म्हणजे आलेल्यापेक्षा वरचढ परत करायचा. नात्यागोत्यात यापायी शेतं विकली गेलेली मी पाहिली आहेत. पण इथं समोरची पार्टी कोण, तर एक जहाज, आणि टॉवेलांचं त्याच्याकडे कोठारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भर बोळात बिष्णूचा सत्कार झाला. कुंकू, टॉवेल, टोपी, नारळ. मागे चादरींच्या ढकलगाड्या खोळंबल्या. बिष्णूनं कुंकू लावून घ्यायला स्वतःच मान पुढे केली आणि टोपी चाचपून म्हणाला, "हमारे गाँव में भी टोपी पहनाते हैं, काका."

"बगा," व्यंकटराव माझ्याकडे वळले, "शिकलेली मान्सं हायेत ही."

बिष्णूला यातलं काय कळलं कोण जाणे. संध्याकाळी त्यानं ससा ठेवला. व्यंकटरावांनी कपाळाला हात लावला. "लई जिद्दीचा गडी हाय. फिटू देईना." सकाळी त्याला दोन टॉवेल. संध्याकाळी कासव. मी बिष्णूला गाठून विनवलं, की बाबा रे, आमच्या शेजारच्या खोलीत प्राणी ठेवू नकोस. तो म्हणाला, "काका नाराज हो गए क्या?" आणि त्याच रात्री कासवाशेजारी आणखी एक पिल्लू ठेवलं.

दरम्यान बातमी फुटली होती. सूप वाढणारा टोपीत, लिफ्टजवळचा टोपीत, तरणतलावावर पाण्याकडे लक्ष ठेवणारी मुलगी टोपीत. तिला तर ओटीचा खणही मिळाला. तो तलाव व्यंकटरावांना फार लागला होता. काठावर बसून ते एकदाच म्हणाले, "हे समदं आपल्या टेसनावर उतरवता आलं असतं तर." आणि उठून खोलीत गेले. तिथं ते नळ करंगळीएवढाच सोडत आणि हात धुतलेलं पाणी कशात धरावं म्हणून भांडं शोधत.

गणवेशावर टोपी चालत नाही म्हणून एक सुपरवायझर माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी त्यांचा पालक आहे असं का कोण जाणे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी माफी मागत असताना व्यंकटरावांनी मागून येऊन त्यालाही टोपी घातली. तक्रार तिथंच संपली.

माझी तऱ्हा ऐका. आपणही शहरी रीत दाखवावी म्हणून जेवणाच्या दालनाशी दार धरून उभ्या असलेल्या, पांढऱ्या गणवेशातल्या माणसाच्या खिशात मी ऐटीत एक नोट सरकवली. त्याच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या मी नंतर पाहिल्या. तो बोटीचा कप्तान होता. त्यानं नोट माझ्याच खिशात परत सरकवली आणि माझा खांदा थोपटला. दुसऱ्या दिवशी तोच कप्तान व्यंकटरावांसमोर मान वाकवून उभा. माझी नोट परत आली, त्यांची टोपी राहिली. यावर सुमन जे हसली, ते गोवा मागे पडेपर्यंत थांबली नाही.

शेवटच्या संध्याकाळी ट्रंक रिकामी झाली आणि व्यंकटरावांच्या खोलीत कपड्यांच्या खुंटीला टॉवेलचं माकड लोंबकळत होतं.

सकाळी मुंबई आली. लोक उतरू लागले. आम्हाला नांदेडची गाडी गाठायची होती. बघतो तर व्यंकटराव रिकाम्या ट्रंकेशेजारी बसलेले.

"मी न्हाई येत. हे माकड फिटल्याबिगर कसं उतरू?"

"अहो, पैसे द्या आणि चला."

"टिप दिली की मी. लिफाफ्यात घालून दिली. ती मजुरी झाली, मास्तर. मजुरीनं आहेर फिटतो का?"

मी वैतागून त्यांची पिशवी उचलली. तिचा बंद सुटला आणि आत धोतरांच्या मध्ये अलगद बसवलेला पहिल्या दिवशीचा हंस दिसला. मान तशीच. घडी न मोडता. जहाजाचा टॉवेल. खाली तपासणी. निवृत्त मास्तर, साडूसह अटकेत.

"व्यंकटराव, ही चोरी आहे. एका टॉवेलसाठी काय हे? तुमच्या घरात टॉवेलांची काय कमी आहे?"

त्यांनी खुंटीवरचं माकड हलकेच सरळ केलं. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "घरात टावेल लई हायेत. द्यायचे. आमच्या घरी लगीन न्हाई, बारसं न्हाई. आहेर यायला निमित्त लागतंय, मास्तर. दुसऱ्याच्या मांडवात मिळाली टोपी, न्हाई म्हनत न्हाई. पन आपल्या खोलीत चालून आलेला ह्यो पहिलाच."

सुमन खिडकीकडे वळली. माझ्या हातात पिशवी तशीच राहिली.

तेवढ्यात चादरी काढायला बिष्णू आला. व्यंकटराव उठले. कोपऱ्यातला कॅन उचलला, काचेचा पेला धुऊन काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"घर का पानी है. हमारे उधर इस साल इससे बडा आहेर नहीं."

ज्या बोटीवर लोक पाण्यात डुंबत होते, त्या बोटीवर बिष्णूनं टोपी नीट केली, पेला दोन्ही हातांनी घेतला आणि थेंब न सांडता प्याला. मग त्याला उघडी पिशवी दिसली. मी घाईघाईनं खुलासा करू लागलो. तो म्हणाला, "साब, ये तो गिनती का है. ये रखना पड़ेगा." हंस त्यानं उचलला. व्यंकटरावांनी मान हलवली, पण बघितलं नाही.

बिष्णू बाहेर गेला आणि परत आला तो त्यांनीच दिलेला लाल काठाचा सोलापुरी टॉवेल घेऊन. पलंगावर पसरला, दोन्ही बाजूंनी गुंडाळला, वाकवला, आणि लाल चोचीचा हंस व्यंकटरावांच्या हातात ठेवला.

"ये जहाज का नहीं है, काका. ये मेरा है."

व्यंकटरावांनी ट्रंकेत हात घातला. ट्रंक रिकामी. कॅनही जवळजवळ रिकामा. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाचे तरी देणेकरी होऊन निघाले. जिना उतरताना हंस छातीशी धरलेला, आणि मागे ट्रंक ओढत मी. नांदेडची गाडी अर्थातच चुकली.

पुढं काही महिन्यांनी मी लातूरला गेलो. हंस दिवाणखान्यातल्या कपाटावर होता. त्याची मान थोडी कलली होती आणि तिला सुपारीच्या डब्याचा टेकू दिलेला होता. व्यंकटराव चहा टाकायला आत गेले. मी माझी पिशवी उघडली. नांदेडला आठवडाभर मोबाईलमध्ये बघून बघून मी टॉवेलचा हत्ती शिकलो होतो. टॉवेल कोरा होता, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या खोलीत जाऊन तो पलंगावर मांडला आणि शहाजोगपणे बाहेर येऊन बसलो.

चहा घेऊन आलेले व्यंकटराव चष्मा आणायला खोलीत गेले.

"मास्तर," आतून हाक आली, "हे काय हाय?"

"हत्ती."

"सोंड कुटं हाय?"

"आत गेलीय थोडी."

"आज काय हाय वो? कशाचा आहेर म्हनायचा ह्यो?"

"कशाचाच नाही. असाच."

ते बाहेर आले तेव्हा हातात कुंकवाची डबी आणि टोपी होती. मी निघतो म्हणालो, गाडीची वेळ झाली म्हणालो. ऐकतात कुठं. माझा हात त्यांनी चहाच्या कपापासून बाजूला केला, कुंकू लावलं आणि टोपी डोक्यावर दाबून बसवली.

टोपी एक नंबर मोठी होती. थेट डोळ्यांवर आली. ते एक बरंच झालं.